कॅमेरा खाली आहे

पुण्याहून आलेले आमचे प्रशिक्षक बोटांची चौकट करून जग पाहायचे. चहा आला की आधी कपाची चौकट, मग चहा. वर्ध्याच्या एका सरकारी वर्गात ते आम्हा काही शाळामास्तरांना शिकवत होते की, कॅमेऱ्यासमोर माणसाची मुलाखत कशी घ्यावी. नागपूरच्या दीक्षेनंतरचा तो पहिला उन्हाळा.

फिल्म महाग, म्हणून सगळा सराव रिकाम्या कॅमेऱ्यावर. आम्ही एकमेकांना खुर्चीत बसवायचो, डोक्यावर किती जागा सोडायची यावर भांडायचो आणि बेगड चिकटवलेल्या फळीनं एकमेकांच्या डोळ्यांत ऊन मारायचो. जवळच्या भिंगानं नाक भोपळ्याएवढं दिसतं आणि लांबच्या भिंगानं मागचं झाड मानगुटीवर येऊन बसतं, एवढं शहाणपण मिळवायला बराच उन्हाळा गेला. मुलाखतीत विचारायचं काय आणि ऐकायचं कसं, हे सरांनी एकदाही शिकवलं नाही. त्यांच्या मते ते कोणालाही येतं.

मग खरी मुलाखत ठरली. जवळच्या एका गावात सार्वजनिक विहीर झाली होती, तिच्यावर फिल्म करून वर पाठवायची होती. बोलायला एक बाई तयार झाली. तिची सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली होती. ती दीक्षेला नेसलेलं स्वच्छ पांढरं लुगडं नेसून आली आणि सरांचं तोंड कडू झालं. पांढरा रंग उन्हात फार चमकतो, म्हणे. एखादं मळकट लुगडं नाही का, असं त्यांनी विचारलंसुद्धा. मला त्यांची लाज वाटली. "हेच नेसीन," ती म्हणाली.

मी कॅमेऱ्यापाशी होतो. झाकण उघडून पाहिलं तर आत फिल्म नव्हती.

"सर, कॅमेरा खाली आहे."

आमच्याकडे खाली म्हणजे रिकामा. डबा खाली, खिसा खाली, कोणाकोणाचं डोकंही खाली. पण सर पडले पुण्याचे. त्यांनी तिपाईचे पाय लांबवून कॅमेरा वीतभर वर चढवला, डोळा लावला आणि म्हणाले, "आता बरोबर. तुमची नजर तयार होतेय हं." मला वाटलं, नेहमीसारखा आधी कोरडा सराव असेल. उंटावरचा शहाणा तो, आता उंटही वीतभर वाढला होता.

बाई बोलू लागली. गावची वजनदार मंडळी निंबाखाली हाताची घडी घालून उभी होती. ती त्यांच्याकडे न पाहता बोलत होती.

"इहीर साऱ्याइसाठी बांधली म्हंतेत. आमी बादली टाकली का दोर कापतेत. माह्या पोरीले हाकलून देल्लं. आमाले कोणी वरून वतलेलं पाणी नाई पायजे, आमच्या हातानं काढाचं हाय. साहेबलोकाइनं हे पाहावं म्हून मी बोलून राह्यली."

सर मध्येच म्हणाले, "हनुवटी जरा डावीकडे."

"झालं, आवरा," असं त्यांनी म्हटलं तेव्हा मला कळलं, हा सराव नव्हता. मी झाकण उघडून दाखवलं. आवाजही त्याच फितीवर उमटायचा, म्हणजे तोही गेला. "रिकामा म्हणायला काय झालं होतं?" सर माझ्यावरच उखडले. शिवाय परत जाताना रस्ताभर वऱ्हाडी भाषा कशी अशुद्ध आहे, ते समजावत होते.

दुसऱ्या दिवशी फिल्म भरून आम्ही पुन्हा गेलो. बाईच्या दारात तिच्याच माठांची खापरं पडली होती. रात्री कोणीतरी फोडले होते. सरांनी बोटांची चौकट केली. खापरं पुढे, बाई मागे, फार छान दिसेल, असं त्यांचं मत पडलं. मग त्यांनी तिला कालचंच सगळं पुन्हा बोलायला सांगितलं.

ती उंबऱ्यातून उठली नाही.

"साहेब, म्या सांगतलं. साऱ्या गावानं आयकलं, त्याचं हे असं झालं. तुमी तं माह्या समोरच बसले होते. आता तुमी सांगजा त्या साहेबलोकाइले."

सरांनी माझ्या कानाशी लागून विचारलं, "काय म्हणाली होती हो ती?"