स्पीकरवरचं कुंकू
आज स्पीकर पुसताना फडकं पुन्हा त्या पुसट कुंकवापाशी थांबलं. नवे साधे घ्यावेत की तेवढ्याच पैशात जुने भारीतले, या घोळात काही वर्षांपूर्वी मी वडूजला एका निवृत्त सुभेदारांकडे, त्यांनी विकायला काढलेले स्पीकर बघायला गेलो होतो. तोफखान्यातल्या नोकरीत त्यांचे कान गेलेले. गाणं लावून त्यांनी लाकडी खोक्यावर तळहात टेकला, डोळे मिटले आणि विचारलं, “ग्वाड वाजतंय न्हवं?” मी मान डोलावली. स्पीकर गाडीत चढवण्याआधी त्यांच्या पत्नीनं, विकलेल्या बैलाला लावावं तसं, दोन्हींना हळदीकुंकू लावलं. म्हणाल्या, “रोज वाजवा बरं का. उपाशी ठिवू नगा.” आता नवे भारीतलेही परवडतात, पण सकाळी एक तरी गाणं लावल्याशिवाय घरातून माझा पाय निघत नाही.