न दिलेला तिसरा आवाज

आमचा गट विद्यापीठाने बुडवला, असं मी सहा पत्रकांत लिहिलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. एक गोष्ट मात्र मी कुठल्याच पत्रकात घातली नाही.

टोरोंटोतल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या पोटात आमचं मुलींचं छोटं कॉलेज होतं आणि त्यात मुलींचा एक गाणारा गट. वाद्य कुठलंच नाही. एकमेकींत गुंफलेले चार आवाज आणि सुरुवातीचा सूर द्यायला खिशात मावणारी एक गोल शिट्टी. हे काही कलेच्या हौसेपोटी ठरलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी पियानोची खोली आणि छापील स्वरलिपी दोन्ही मुलांच्या गायकवृंदाच्या ताब्यात असायच्या. मुलींनी मागितलं तेव्हा ‘तुम्हाला कशाला?’ असं उत्तर मिळालं. मग मुलींनी ठरवलं, नको तुमचा पियानो आणि नको तुमचा कागद. तेव्हापासून गटाचं पहिलं गाणं कधीच कागदावर उतरलं नाही. कॉलेज सोडण्याआधी प्रत्येकीने आपला आवाज एका धाकटीला शिकवायचा, समोरासमोर बसून, तोंडी. तालमीला आलं की फोन दाराजवळच्या टोपलीत. आणि आपला शेवटचा कार्यक्रम झाला की पुन्हा गटात गायचं नाही. मागच्या रांगेत बसून ऐकायचं.

हा इतिहास मला सांगितला नॉर्थ यॉर्कच्या वृद्धाश्रमातल्या एका बाईंनी. त्या पहिल्या चौघींपैकी एक. मी पत्रकासाठी मजकूर गोळा करायला गेले होते, त्यांनी मला दोन तास बसवून घेतलं.

मी नागपूरची, गटात तिसरा आवाज. तिसरा आवाज म्हणजे चाल नव्हे. ऐकणाऱ्याला तो सहसा वेगळा कळत नाही, पण नसला की गाणं पोकळ लागतं. तालीम तळघरात, लाँड्रीशेजारच्या खोलीत व्हायची. ड्रायर थांबला की आम्ही सुरू.

माझ्या शेवटच्या वर्षी नोटीस लागली. कॉलेज मोठ्या विभागात विलीन होणार, इमारतीत ‘विद्यार्थी यश केंद्र’ येणार. यश कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. मी पेटून उठले. पत्रकं लिहिली, सबवेच्या तोंडाशी उभं राहून वाटली, बोटं गारठेपर्यंत सह्या घेतल्या.

माझा आवाज जिला द्यायचा होता ती नाशिकची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. कॉफीच्या दुकानात शिफ्ट करायची, बेसमेंटमध्ये चौघींबरोबर राहायची आणि तालमीला उभ्या उभ्या सँडविच खायची. तिने माझ्याकडे तीनदा वेळ मागितला. तिसऱ्यांदा बसस्टॉपवर गाठलं.

“ताई, एकच तास दे. बसमध्ये शिकवलंस तरी चालेल.”

“या आठवड्यात नाही गं. सोमवारी निवेदन द्यायचंय.”

“मग त्या निवेदनालाच चाल लाव. दोन्ही कामं उरकतील.”

मी हसले आणि तिच्या हातात वाटायला पन्नास पत्रकं दिली. तिने ती वाटली.

निवेदन दिलं. आमचा वारसा त्यांना मोलाचा वाटतो, असं दोन ओळींचं उत्तर आलं. माझा शेवटचा कार्यक्रम झाला, मी नियमाप्रमाणे गप्प झाले. शिकवायला काय, पुढे वेळच वेळ आहे, असं धरून चालले. मग तिला कळलं की तिच्या कोर्सनंतर वर्क परमिट मिळणारच नाही. प्रवेश घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यावरही मी पत्रक काढलं. ती एअरपोर्टला निघाली त्या दुपारी मी तेच वाटत उभी होते.

इमारत बंद करायचा समारंभ झाला. विद्यापीठाने गटाला गायला बोलावलं, वर तोंड करून. उरलेल्या तिघी गायल्या. मी मागच्या रांगेत बसले, शेजारी व्हीलचेअरवर त्या बाई. पहिल्या गाण्यात एक जागा आहे, तिथे बाकीचे तीन आवाज थांबतात आणि तिसरा एकटा चार मात्रा पुढे जातो. मुलींनी ती जागा गाळली नाही. चार मात्रा रिकाम्याच उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं, मुद्दामच केलंय. टाळ्या पडल्या.

मला तेव्हा तो आवाज पाठ होता. तोंड उघडलं असतं तर त्या चार मात्रा भरल्या असत्या. विद्यापीठाचा एकही नियम मी पाळला नव्हता, पण गटाचा हा पाळला.

बाईंनी इंग्रजीत हळूच विचारलं, तिसऱ्या आवाजाची मुलगी कुठे आहे. मी परमिटचं सांगितलं, सरकारचं सांगितलं, पत्रकातल्यासारखं मुद्देसूद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते नाही विचारलं,” त्या म्हणाल्या. “तू तिला शिकवलं होतंस का?”

मी नाही म्हणाले. त्यांनी मान पुढे वळवली.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. तिघी तीन दिशांना नोकऱ्यांना लागल्या, एक तर पार पश्चिम टोकाला, बर्नाबीला. कुणाच्या तरी फोनवर जुन्या कार्यक्रमाचा व्हिडिओ सापडला. त्या चार मात्रा सोडल्या तर त्यात तिसरा आवाज वेगळा काढता येत नाही, मी पुष्कळ ऐकून पाहिलं.

गेल्या महिन्यात मी नाशिकला व्हिडिओ कॉल केला. माझी सकाळ, तिची संध्याकाळ. मागे तिची आई भाजी निवडत होती. म्हटलं, आता शिकवते, समोरासमोरचा नियम गेला खड्ड्यात. ती वही न घेता समोर बसली, जुन्या पद्धतीने. मी शिट्टीवर सूर घेतला आणि सुरू केलं. दोन ओळी नीट गेल्या असाव्यात. ती ऐकत राहिली, मग हात वर केला.

“ताई, ही तर पहिल्या आवाजाची चाल आहे. ही मला येते.”

मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा आवाज त्याच जागी वर सरकला, सगळ्यांना पाठ असलेल्या चालीत. तिसऱ्यांदाही. आईने हाक मारली तेव्हा ती म्हणाली, जाते मी, तू जेव गं वेळेवर.