टीव्हीतल्या खाडीला ओहोटी

गाववाल्यांनो, आज दुपारी नातीने मोबाईलवर एक जुना खेळ उघडला आणि माझा चहा निवून गेला.

ऐंशीच्या दशकात आमचे हे दुबईहून आणलेला कॉम्प्युटर टीव्हीला जोडून हाच खेळ खेळायचे. टीव्हीवर हिरवा काठ, निळी खाडी, पलीकडे किल्ला आणि काठावर बोटाएवढा माणूस. इंग्रजीत हुकूम टाईप केला की तो चालायचा.

"सुट्टी संपायच्या आत ह्याला पलीकडे पोचवतोच," हे म्हणाले. "उतरवू पाण्यात?"

"भरती दिसत नाही? ओहोटी लागू दे," मी म्हटलं.

जन्म दर्यावर गेलेला माणूस, तोही थांबला! खोलीभर निळा उजेड, आणि दोघं दुपारभर टीव्हीतलं पाणी बघत बसलो. पाणी काही उतरलं नाही, सुट्टी मात्र संपली. कॉम्प्युटर त्यांच्याबरोबर परत गेला. पुढे हेही कायमचे गेले.

आज बघते तर तो बोटाएवढा माणूस तिथेच काठावर उभा.

"आजी, पोहायला लावू ह्याला?"

"थांब गो भवाने. ओहोटी लागू दे."

"गेममध्ये कसली ओहोटी?"

"मला शिकवतेस? बस गप."

बसली मांडीला मांडी लावून. अजून बसलोय दोघी.

दाभोळवाल्यांनो, तुम्ही खाडीच्या तोंडाशी, तुमच्याकडे उतरलं का पाणी?