लेकीबरोबरचे हॉटेलातले रविवार

कोर्टाने मला महिन्यातले दोन रविवार दिले. दुसरा आणि चौथा, सकाळी अकरा ते दुपारी चार. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती आईबरोबर मुलुंडला आजोळी राहायची आणि मी दिंडोशीला भावाकडे. वन रूम किचनमध्ये भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, माझी आई आणि घटस्फोट घेऊन परत आलेला मी.

पहिल्या रविवारी मी तिला तिथेच घेऊन गेलो. वहिनीने सकाळपासून खपून कोंबडी-वडे केले होते. माझ्या आईने नातीला मांडीवर घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि आईलाच रडू फुटलं. वडील गिरणीत होते, आई लग्न होऊन मुंबईत आली त्याला आता पन्नास वर्षं होत आली असतील, पण तिची मालवणी बोली कधी बदलली नाही. "तुझ्या आवशीन माझ्या झिलाचो संसार मोडल्यान गो," असं म्हणाली. तुझ्या आईने माझ्या मुलाचा संसार मोडला, या अर्थाचे ते सगळे शब्द मुलीला कळले नसतील. आपल्या आईबद्दल काहीतरी वाईट बोललं जातंय, एवढं मात्र कळलं. ती मांडीवरून उतरली, दाराशी गेली, चपला घातल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वहिनी ताट घेऊन मागे गेली, तरी वळली नाही.

परत जाताना रिक्षात म्हणाली, "बाबा, आपण इथे नको येऊया."

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं आम्ही बापलेक हॉटेलात भेटलो.

ज्याच्यावर ही वेळ आलेली नाही त्याला वाटेल, हॉटेलच कशाला, बागेत जा, तलावावर जा. जायचो की. पण पाच तास हे फार लांबलचक असतात. लहान मुलीला बसायला जागा लागते, पंखा लागतो, स्वच्छ बाथरूम लागतं. शिवाय दुपार झाली की जेवायला हवंच. म्हणून मी पवई निवडली. तिला मुलुंडहून लांब नाही, माझ्या दिंडोशी-मुलुंडच्या वाटेवरच. मी मुलुंडला जाऊन बिल्डिंगखाली उभा राहायचो, तिचे आजोबा तिला खाली आणून सोडायचे, माझ्याकडे न बघता "चारला" एवढंच म्हणायचे, आणि आम्ही रिक्षाने पवईला यायचो.

तिथे एक साधं उडपी हॉटेल होतं. वर एसीचा भाग. तिथला एक वेटर पन्नाशीचा होता, कुंदापूरकडचा. दोन-तीन वेळा आम्हाला पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं. कधी काही विचारलं नाही त्याने. आम्ही आलो की कोपऱ्यातलं, खिडकीजवळचं टेबल पुसून द्यायचा, आणि बाहेर माणसं ताटकळत असली तरी आमच्याकडे बिल घेऊन यायचा नाही. मी स्वतःहून मागितलं तरच आणायचा. मुलगी टेबलावर चित्रं काढायची, मी तिच्या शाळेबद्दल विचारायचो. ती उत्तरं द्यायची, पण पाहुण्यांना देतात तशी. "बरी आहे." "हो, आवडते." खायला नेहमी एक सादा डोसा. त्यातला निम्मा खायची आणि ताटली माझ्याकडे सरकवायची.

"अजून घे ना. काहीतरी गोड मागवू?"

"पोट भरलं."

मला वाटायचं, ही माझ्यावर रागावलीय, म्हणून खात नाही. मग मी आणखी काही काही मागवायचो. शिरा, मिल्कशेक, आईस्क्रीम. ती एक चमचा खायची आणि मला वाईट वाटू नये म्हणून "मस्त आहे" म्हणायची.

सगळीच हॉटेलं अशी नव्हती. एकदा ती म्हणाली, मैत्रिणी मॉलमध्ये जातात. म्हणून घाटकोपरच्या एका मॉलमधल्या हॉटेलात गेलो. पास्ता खाऊन झाला, दीड वाजला, आणि मॅनेजर येऊन उभा राहिला. "सर, बाहेर वेटिंग आहे. अजून काही ऑर्डर करणार का?" मी सूप मागवलं. ते संपल्यावर पुन्हा आला. मी आणखी काहीतरी मागवलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मुलगी स्वतःच उठली आणि म्हणाली, "चल बाबा." उरलेले दोन तास आम्ही त्याच मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून वर-खाली करत काढले. मी एका लिफ्ट कंपनीत मेकॅनिक आहे. तिला जिना कसा चालतो ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती. पण तिचे पाय दुखत होते आणि हे ती बोलली नाही, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं.

ती नऊ वर्षांची झाली तो वाढदिवस नेमका माझ्या रविवारी आला. मी फार खूश झालो. पवईतल्याच एका मोठ्या हॉटेलात आधी जाऊन टेबल सांगून ठेवलं, केक सांगितला. तिने जांभळा फ्रॉक घातला होता. जेवण आलं, मग दिवे मंद झाले आणि चार-पाच वेटर टाळ्या वाजवत, गाणं म्हणत केक घेऊन आले. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही टाळ्या वाजवायला लागले. मुलगी लाजून हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

फोटो काढायला मी माझा फोन एका वेटरकडे दिला. त्याने आम्हाला जवळ बसवलं, मग इकडेतिकडे बघितलं.

"मम्मी किधर है? मम्मीला पण बोलवा ना, फॅमिली फोटो घेतो."

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "मम्मी बाथरूमला गेलीय. येईल आता."

वेटर "ओके, ओके" म्हणाला. आमच्या दोघांचा एक फोटो काढला. आणि जाता जाता बाजूच्या ट्रॉलीवरून एक रिकामी प्लेट, काटा, चमचा, घडी घातलेला नॅपकीन आणून आमच्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे नीट मांडून ठेवला. चांगल्या मनानेच. केकचा एक तुकडाही त्यात ठेवला.

आम्ही दोघांनी त्या प्लेटकडे बघितलं. ती केक खात राहिली. थोड्या वेळाने दुसरा वेटर पाणी भरायला आला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघून उगीचच बाथरूमच्या दिशेला मान वळवली, म्हणजे अजून आली नाही बघ, अशी. नऊ वर्षांची मुलगी. निघताना मी म्हटलं, "असं खोटं नाही बोलायचं, बाळा. सांगायचं सरळ."

"काय सांगायचं?" तिने विचारलं. खरंच विचारत होती. मी रिक्षाला हात केला.

त्यानंतर आम्ही पुन्हा आमच्या उडपी हॉटेलातच जायला लागलो. तिथे कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

ते हॉटेलही सुटलं, तिला बारावं वर्ष लागल्यावर. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी म्हटलं, चल, तलावावर एक चक्कर मारू. ती उठेना. मोबाईलवर काही बघत नव्हती, नुसती बसून होती. चेहरा पडलेला.

"काय गं, पोटात दुखतंय?"

"मम्मीला फोन लाव."

मी लावून दिला. ती फोन तोंडाशी धरून हळू आवाजात बोलली, मग माझ्याकडे दिला. पाच वर्षांत तिची आई माझ्याशी फक्त वेळेबद्दल बोलली होती. त्या दिवशी तिचा आवाज मऊ होता. "अरे, घाबरू नकोस. तिला पाळी आलीय, पहिलीच. खाली मेडिकल असेल, पॅड आण. तिला एकटीला सोडतोयस तर कुणाला तरी सांगून जा. मी निघते."

मी त्या वेटरला गाठलं. कसं सांगावं कळेना, म्हणून म्हटलं, "मुलगी एकटी आहे, जरा लक्ष ठेवा. बरं नाही तिला." त्याने एकदा तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "जावा साहेब. माझ्याला तीन मुली आहेत." मी परत आलो तेव्हा त्याने आमच्या टेबलापुढे दोन खुर्च्या आडव्या लावल्या होत्या, म्हणजे त्या बाजूने कुणी येऊ नये, आणि धुतलेला एक पांढरा टेबलक्लॉथ तिच्या हातात दिला होता. तो कमरेला गुंडाळून ती बाथरूमला गेली. खुर्ची पुसायला मी माझा रुमाल काढला, तर त्याने माझा हात धरला. "ते राहू दे. तुम्ही बसा."

अर्ध्या तासात तिची आई आली. बरोबर कपडे आणले होते. मुलगी बदलून आली आणि तिच्याशेजारी बसली. वेटरने न विचारता तीन कॉफी आणल्या. आम्ही तिघं एका टेबलावर बसून कॉफी प्यायलो. आई म्हणाली, "उद्या शाळेत नको जाऊस." मी म्हटलं, "हो, आराम कर." मुलगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. कपातली कॉफी तिने अगदी सावकाश संपवली. घोट घोट. आम्ही दोघांनीही घाई केली नाही. मग त्या दोघी रिक्षात बसून गेल्या.

पुढच्या वेळी मी रिक्षावाल्याला नेहमीचं हॉटेल सांगितलं, तर ती म्हणाली, "तिथे नको." मी कारण विचारलं नाही. तिला लाज वाटत असणार. वेटरला काहीच न सांगता आम्ही जायचं थांबलो, याचं मला अजून वाईट वाटतं. त्याने कितीतरी रविवार ते टेबल पुसून ठेवलं असेल.

मग लॉकडाऊन लागला. हॉटेलं बंद झाली आणि आम्हाला भेटायला जागाच उरली नाही. व्हिडिओ कॉलवर ती पाच मिनिटं बोलायची, मग रेंज जाते म्हणायची. पुन्हा सगळं सुरू झालं तेव्हा ती माझ्या खांद्याएवढी झाली होती. त्याच सुमारास तिच्या आईने दुसरं लग्न केलं. माणूस चांगला आहे असं मुलगीच म्हणाली. मी "बरं झालं" म्हटलं. भेटी मात्र पहिल्यासारख्या चालू झाल्या. एकदा गोरेगावला एका मालवणी खानावळीत गेलो. ती सोळा वर्षांची होती. मी दोन सुरमई थाळ्या मागवल्या. तिने भाताला हात लावला नाही, अर्धी तुकडी खाल्ली आणि ताट सरकवलं.

त्या दिवशी मी चिडलो. "काय गं हे तुझं? लहानपणापासून बघतोय. माझ्यासोबत जेवायचं म्हटलं की घास उतरत नाही का तुझ्या घशाखाली?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"बाबा, मम्मी जेवायची थांबायची माझ्यासाठी. चार वाजता. तू सोडलंस की मी वर जायचे आणि ती दोघींची पानं घ्यायची. रविवारचं स्पेशल काहीतरी केलेलं असायचं. मी जेवून आलेय म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. मग मी जेवायचे. इथे नाही खाल्लं की तुझा चेहरा पडायचा. म्हणून इथे निम्मं खायचे." मग ती म्हणाली, "लहानपणी कधीकधी जास्त व्हायचं. रात्री उलटी व्हायची. मम्मी म्हणायची, हॉटेलचं खाणं बाधलं."

मला आठवलं, तिच्या आईने एकदा वकिलामार्फत कळवलं होतं की मुलीला बाहेरचं खाऊ घालू नका. मी तो आपल्याला दिलेला टोमणा समजलो होतो आणि पुढच्याच रविवारी तिला मुद्दाम दोन आईस्क्रीम खायला लावली होती.

"सांगायचं नाही का मला?" मी म्हटलं.

"कुणाला सांगायचं? तुला सांगितलं असतं तर तू मम्मीला बोलला असतास. तिला सांगितलं असतं तर ती तुला." ती हसली. "जाऊ दे ना यार बाबा. झालं आता."

मी तिचं ताट माझ्याकडे घेतलं आणि ते सगळं खाल्लं.

अठरा पूर्ण झाल्यावर कोर्टाचा कागद संपला. ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली, हॉस्टेलवर राहते. मला कधीतरी फोन करते, वाढदिवसाला आठवणीने करतेच. गेल्या दिवाळीत ती चार दिवस मुंबईत आली होती, हे मला नंतर कळलं. तेही तिच्या मोबाईलच्या स्टेटसवरून. तिथे एक फोटो होता. मुलुंडचंच कुठलंतरी थाळी देणारं हॉटेल असावं. ती, तिची आई, आईचा नवरा आणि आजी. टेबल वाट्यांनी भरलेलं. ती पुरी तोडत होती, कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं असावं, तोंड भरलेलं असतानाच ती हसत होती. गाल भरलेत जरा. आईसारखी दिसायला लागलीय.

तो फोटो मी दुपारभर बघत होतो. स्टेटस असल्यामुळे दुसऱ्या दिवशी तो जाणार हे माहीत होतं. वहिनीने दोनदा हाक मारली, भाऊजी, पान वाढलंय. मी मुलीला लिहिलं, 'आली होतीस? एकदा तरी भेटायचं.' ते खोडलं. मग लिहिलं, 'छान फोटो.' पाठवलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'थँक्स बाबा. सॉरी, वेळच नाही मिळाला. पुढच्या वेळी नक्की.'

मी 'बरं' लिहिलं आणि आत जेवायला गेलो.