तीन पुकारे

"बोलावलं तं जवर जाऊन उभं राहावं. दुरून ओरडून जवाब देनं, थे ढोरायचं काम," असं तो म्हातारा म्हणायचा आणि म्हणताना त्याचे हात आपोआप जोडले जायचे.

भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले, तेव्हा भाषणांतून सांगितलं गेलं की न्याय आता गरिबाच्या जवळ आला. तो किती जवळ आला, हे मी तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून, अर्ज लिहीत पाहत होतो. हा म्हातारा माझं नेहमीचं गिऱ्हाईक. शेजारच्या पाटलाने मधला बांध फोडून याची एकुलती एक धानाची बांधी, बांधाने वेढलेला भाताचा तुकडा, आपल्या शेतात ओढून घेतली होती. तेव्हापासून घरात विकतचा तांदूळ. बांधी परत मिळावी, एवढाच अर्ज.

दर तारखेला तो धुतलेलं धोतर नेसून यायचा. कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाईल चुकून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली. कचेरीतला बाबू विचारायचा, "काहून बुढ्या, घरी करमत नाही का?" याला ती आपुलकी वाटायची. बाबू आपल्याला ओळखतो, असं तो मला कौतुकाने सांगायचा.

अखेर सुनावणी लागली. व्हरांड्यात न्यायाची महती सांगणारा फलक होता आणि त्याखालच्या खुर्च्या कुणा पाहुण्यांसाठी राखलेल्या. म्हणून हा पार कुंपणाशी बसला. चपराशाने दारातून नावाचा पुकारा केला. हा उठला आणि दुखरा गुडघा धरून, एक शब्द न बोलता चालू लागला. दुसरा पुकारा झाला. त्याच्या वतीने 'हजर' म्हणायला मला एक श्वास पुरला असता. पण चपराशी मला गिऱ्हाइकं आणून द्यायचा आणि त्याच्या कामात कुणी तोंड घातलेलं त्याला खपत नसे. तिसरा पुकारा संपला तेव्हा हा पायरीवर होता.

आत जाऊन त्याने हात जोडले. बाबूने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"गैरहजर लिहून झालं. अर्ज निकाली."

"मी तं उभा हावो ना, साहेब."

"आता हायेस."

त्याच वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी त्याच्या गावावरून गेलो. तो त्याच बांधीत, पाटलाच्या मजुरीवर, गुडघाभर चिखलात उभा होता. मी उगाच विचारलं, बरं आहे ना.

त्याच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "इथं पानी कुठं मुरते, कुठं थांबते, थे मलेच ठावं. पाटील म्हनते, ह्या बांधीत तुह्याशिवाय दुसरा मानूस नाही पाहिजे."

आणि रोपांची पेंढी हातात घेऊन तो वाकला.