मामीचा हुंकार

कल्याणच्या पुढे थेट कर्जतपर्यंत शोधलंत तरी माझ्या मामीइतकं गोष्टीवर जीव टाकणारं आणि गोष्ट सांगणाऱ्याचा जीव खाणारं दुसरं माणूस सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तिला गोष्ट कुठलीही चालते. देवाची, भुताची, शेजारच्या इमारतीतल्या फुटलेल्या टाकीची, भाजीवाल्याच्या सुनेची. अट एकच, ती जुळली पाहिजे. जुळली नाही की मामीला धक्का बसतो. ती हातातलं काम खाली ठेवते, पदर सावरते आणि समोरच्याकडे अशी बघते, की आपण गोष्ट सांगत नव्हतो, तिच्या कपाटातले दागिने काढत होतो असं आपल्यालाच वाटायला लागतं.

याचं मूळ तिच्या माहेरात आहे. बदलापूरच्या पलीकडे नदीकाठी तिच्या वडिलांची भातशेती होती आणि झोडणीच्या दिवसांत संध्याकाळी ते खळ्यावर गोष्ट सांगायला बसत. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, हा तिथला नियम. सांगणारा म्हणाला, "राजा निघाला," की पोरांनी म्हणायचं, "हं." "वाटेत लागलं रान." "हं." हुंकार थांबला की गोष्ट थांबली. पोरं जागी आहेत की झोपली हे कळावं म्हणून ही पद्धत पडली असणार, पण मामीच्या घरात तिला वजन होतं. हुंकार दिला म्हणजे पटलं. एकदा "हं" म्हटल्यावर मागून कुरकुर करायची नाही, आणि पटलं नसेल तर "हं" म्हणायचं नाही. मग सांगणाऱ्याने मागे जाऊन गोष्ट दुरुस्त करून आणायची. तिच्या वडिलांना म्हणे एकदा एका राक्षसाला विहिरीतून बाहेर काढून वेगळ्या रीतीने मारावं लागलं होतं, कारण त्याला पोहता येतं असं ते आधीच सांगून बसले होते आणि धाकटी लेक, म्हणजे आमची मामी, काही केल्या हुंकार देईना.

ही सवय घेऊन ती सासरी आली. मामा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होता. रोज संध्याकाळी चहा घेता घेता तो दिवसभराचं सांगायचा आणि मामी स्वयंपाकघरातून "हं, हं" करत राहायची. आज साहेबाने सगळ्यांसमोर कौतुक केलं, असं तो सांगायचा तेव्हा मात्र आतून काहीच यायचं नाही. मामा जरा वेळ वाट बघायचा आणि म्हणायचा, "बरं, कौतुक नाही केलं. पण ओरडला पण नाही." मग "हं" यायचं आणि मामा पुढे सरकायचा. माझीही यातून सुटका नव्हती. स्कूटरवरून पडलो तेव्हा मी तिला सांगितलं, की डावीकडून कुत्रं आडवं आलं. मामी गप्प. "मंग तुझा डावाच गुडघा कसा फुटला? तू कुत्र्याच्या अंगावर पडलास?" अखेर मी फोन बघत होतो हे मला कबूल करावं लागलं, तेव्हा कुठे तिने हळद लावली.

मामा गेल्यावर घर सुनं झालं, आणि त्यात जुना टीव्हीही बंद पडला. तिला घेऊन मी उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, तोंडात साखर आणि जोडीला दोन भाषा. भिंतीवर एकाच सिनेमाचा तुकडा सगळ्या टीव्हींवर चालू होता आणि त्यातला नायक दरीवर एका हाताने लोंबकळत होता. मामी स्टुलावर बसली आणि हुंकार देऊ लागली. तेवढ्यात तुकडा संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"पुढं?" मामीने विचारलं.

"मावशी, एवढंच आहे. डेमो आहे ना. तुम्ही कलर बघा, कसला खुलतोय."

"माणूस लटकलाय आणि तू मला रंग दाखवतोस?"

शेठला असं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नसावं. त्याने बिचाऱ्याने घरी मुलाला फोन लावला. "अरे सुन, वो लटका है ना, वो बचता है क्या?" वाचतो म्हणून कळलं. मामी म्हणाली, कसा ते विचार. शेठने फोन ठेवला, माझ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाला, "साईं, डिस्काउंट ले लो, पर इनको घर ले जाओ." त्या टीव्हीइतका स्वस्त टीव्ही आमच्या नात्यागोत्यात कोणाला मिळालेला नाही.

त्याच टीव्हीवर पुढे ती अतिमानवाची मालिका आली. तिचं नाव मी सांगणार नाही, उगाच कोणी बघायला बसेल. ती लावून दिली सईने. सई म्हणजे मामीची नात, बदलापूरजवळ खरवईला मामीच्या घरात, आजीच्या मांडीवर वाढलेली. मामीच्या मुलाची बदली गुजरातला झाली आणि तो बायको-मुलीला घेऊन तिकडे गेला. मामीने घर सोडलं नाही. निघताना सईने आजीशी ठरवलं, की दर शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग दोघींनी एकाच वेळी लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि तो तिथून तिने, इथून हिने बघायचा. मी अंबरनाथहून स्कूटरवर जातो, कारण मामीला रिमोटवरचं मालिका लावायचं बटण सापडत नाही, आणि शुक्रवारी ती वालाचं बिरडं करते. एरवी सई फोनवर "हो", "जेवले", "ठेवू का" एवढंच बोलते. नव्या शाळेत रुळली का, कोणी मैत्रीण मिळाली का, काही पत्ता लागू देत नाही. शुक्रवारी मात्र तासभर तिचं हसणं त्या घरात असतं. मामीचा आठवडा त्या तासाभोवती फिरतो. गुरुवारीच ती वाल सोलायला घेते.

मालिकेतला नायक निळ्या कपड्यांत उडतो, म्हणून मामीने त्याचं नाव निळू ठेवलं. निळू पूल उचलतो, ट्रक अडवतो, पण खारं पाणी अंगाला लागलं की त्याची सगळी शक्ती जाते. हे मामीला फार आवडलं. "मंग त्यानं रडायचं नाय," ती पहिल्याच भागात म्हणाली. "आसवं खारी असतात." आणि खरंच, पहिल्या सीझनच्या शेवटी निळूची आई गेली, तो रडला आणि रडता रडता ताकद संपून तो गुडघ्यावर आला. मामीने असा खोल हुंकार दिला, की पलीकडे सईसुद्धा गप्प झाली. "सांगणाऱ्याला अक्कल आहे," मामी म्हणाली. त्या संध्याकाळी शिरा होणार होता, तो झाला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्याच्या घरात सुतक आहे आणि तुला शिरा पाहिजे?" मला पाहिजे होता, पण मी गप्प बसलो.

पुढच्या सीझनमध्ये निळूने बुडती बोट वाचवायला समुद्रात सूर मारला. मामीने मान माझ्याकडे वळवली.

"समुद्र खारा असतो ना रे?"

"असतो."

"तिकडचा पण?"

"सगळीकडचा."

त्यानंतर भाग संपेपर्यंत तिच्या तोंडून आवाज आला नाही. सईने फोनवरून विचारलं, "आजी, आहेस ना?" मामी म्हणाली, "आहे. त्याच्या अंगाला मीठ लागायची वाट बघते." मीठ काही लागलं नाही. निळू बोट खांद्यावर घेऊन कोरडा ठणठणीत बाहेर आला.

पण खरा हादरा बसला तो तिसऱ्या सीझनमध्ये. निळूच्या दाराची बेल वाजली, त्याने दार उघडलं आणि समोर त्याची आई, हातात भाजीची पिशवी. मामीचा चेहरा पांढरा पडला. तिने माझा दंड धरला.

"ही गेली ना रे?"

फोनमधून सईने समजावलं, "आजी, ती दुसऱ्या युनिव्हर्समधली आहे. म्हणजे दुसरं जग. तिथे ती मेलीच नव्हती, सो आता इकडे आली."

"तिथं तिचा मुलगा आहे का?"

"असेल ना. तिथला निळू."

"मंग त्याला सांगून आली का ही? त्याच्या जेवणाखाण्याचं काय?"

सईकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे नव्हतं आणि मालिका लिहिणाऱ्याकडे तर नव्हतंच. निळू आनंदाने आईच्या गळ्यात पडला होता. मामी म्हणाली, "आपण सुतक पाळलं, ते काय फुकट?" मग तिचा आवाज खाली आला. "तुझा मामा गेला तेव्हा मला कोणी सांगायला नाय आलं, की दुसरीकडं जिवंत आहे म्हणून."  मला त्या लिहिणाऱ्याचा मनापासून राग आला.

सईने मात्र तिकडून कंटाळून म्हटलं, "आजी, यार, फुल बकवास झालंय हे. बंद करूया का? नेक्स्ट वीकपासून माझा क्लास पण असेल कदाचित."  बिरडं त्या दिवशी खारट झालं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा मामी आधीच टीव्हीसमोर बसली होती. सईने कुरकुरत भाग लावला. त्या भागात टकल्या खलनायकाने निळूला एका लाकडी खोलीत कोंडलं. पूल उचलणारा निळू त्या दाराला धडका देत राहिला आणि दार काही उघडेना. मी सवयीने मामीकडे पाहिलं, आता काय ऐकायला मिळतंय म्हणून.

"हं," मामी म्हणाली.

माझ्या हातातला घास ताटात पडला. वाटलं चुकून आलं असेल. मग टकल्याचा मेलेला भाऊ जिवंत होऊन आला. "हं." निळूला अचानक पोपटाची भाषा कळायला लागली. "हं, हं." सईने हसत विचारलं, "आजी, हे पटलं तुला?" आणि जिने स्वतःच्या बापाला राक्षस विहिरीतून काढायला लावला होता ती माझी मामी शांतपणे म्हणाली, "हो की. दार शिसवी असंल." मामा गेल्याची बातमी सोडली, तर आयुष्यात मला एवढा धक्का दुसऱ्या कशाने बसलेला नाही.

फोन बंद झाल्यावर मी तावातावाने स्वयंपाकघरात गेलो. "मामी, धडधडीत खोटा हुंकार दिलास तू."

ती ओटा पुसत होती. "मी हं नाय म्हटलं तर ती बंद करंल. मालिका बंद झाली तर शुक्रवारी फोन कशाला करंल ती?"

"असं कसं? आजीला फोन करणारच ना ती."

मामीने माझ्याकडे पाहिलं आणि ओटा पुसत राहिली. त्या वाक्याला तिने हुंकार दिला नाही.

नंतरचे सगळे शुक्रवार असेच गेले. पडद्यावर वाटेल ते होत होतं आणि मामी ओठ घट्ट करून, औषध घ्यावं तसा हुंकार देत होती. मला ते बघवत नव्हतं. शेवटच्या भागात निळूने सगळ्या जगांवरचं संकट टकल्याशी नुसता हात मिळवून टाळलं. आई इथेच राहिली, पोळ्या लाटायला लागली. तिच्या तिथल्या मुलाचं नाव कोणी काढलं नाही. नावांच्या पाट्या सरकायला लागल्या, आणि मामीने शेवटचा हुंकार दिला.

 मग सई म्हणाली, "आजी, मी तुझं 'हं' लहानपणापासून ऐकलंय. हे ते नाहीये."

मामीचा हात रिमोटवरच राहिला. "कधीपासून कळलं तुला?"

"त्या लाकडी दरवाजापासून."

"मंग बंद का नाय केलंस?"

 "इथे मी काही सांगितलं ना आजी, तर कोणी हं पण नाय म्हणत," सई म्हणाली. "खोटं पण नाय."

मामीने पदर डोळ्यांना लावला आणि मी उगाच ताटं गोळा करायला लागलो. मग सईनेच नाक ओढत म्हटलं, "आता तू सांग. त्या तिथल्या मुलाचं काय झालं? आई न सांगता गेली ना त्याची." मामीने टीव्ही बंद केला. मांडी घालून बसली. "तर तो निळू सकाळी उठला," तिने सुरुवात केली, "आणि बघतो तर चूल थंड." ती थांबली. फोनमध्ये नुसती खरखर होती. मला वाटलं लाइन गेली. मामीने फोन उचलला नाही, हलवला नाही, नुसती बसून राहिली. मग तिकडून बारीक आवाज आला, "हं."

तेव्हापासून शुक्रवारी टीव्ही लागत नाही. मामीची गोष्ट चालते आणि ती अशी काही जुळलेली असते, की मी बिरडं खायचं विसरतो. त्या आईला इथे आल्यावर तिथल्या पोराची आठवण येते, ती परत निघते, वाटेत तिला काय काय आडवं येतं. खाऱ्या पाण्याचा हिशेब एकदाही चुकलेला नाही. पण सई आता मोठी झाली आहे. बारावी आहे, क्लास आहेत, आणि एक-दोन मैत्रिणीही मिळाल्यात, त्यांच्याबद्दल ती भरभरून सांगते आणि मामी हुंकार देते, खरा. कुठल्या कुठल्या शुक्रवारी फोन येत नाही. तरी मी जातो. परवा मी म्हटलं, "मामी, मला सांग ना पुढचं, मी देतो हुंकार." ती म्हणाली, "तुझा हुंकार बिरड्याचा असतो. तिचा आल्याबिगर पुढं नाय." त्यामुळे सध्या निळूची आई तिकडच्या घराशी पोचली आहे, कडी वाजवून उभी आहे, आणि आतून पावलं वाजताहेत. सईची परीक्षा संपेपर्यंत ते दार उघडणार नाही.