काकांचा खाडीतला डबा

बोईसर-तारापूर पट्ट्यात माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावण्यात माझ्या मावशीच्या नवऱ्याचा हात धरणारा कोणी नाही. काका पालघरला पॉलिटेक्निकात मायक्रोकंट्रोलर शिकवत आणि वागतातही त्या चिपसारखेच. जेवताना घंटी वाजली की घास ताटात ठेवून उठतील, आलेल्याचं सगळं ऐकून घेतील, आणि परतल्यावर अर्धं वाक्य त्याच शब्दापासून पुढे नेतील. एकदा मावशीला "आज भाजीत" एवढंच म्हणून ते शेजाऱ्याचा पंखा दुरुस्त करायला गेले, संध्याकाळी येऊन म्हणाले, "मीठ नाही."

कारखान्यांचं तांबडं पाणी खाडीत येतं, चिंचणीच्या बायकांच्या टोपल्या रिकाम्या राहतात, आणि खाडी मेली तरी वरच्यांना पुरावा हवा! म्हणून काकांनी डबा बनवला. पाण्याची आम्लता मोजायची वेळ झाली की त्यातल्या चिपला इंटरप्ट, म्हणजे दारावरच्या घंटीसारखा इशारा, यायचा. हातातलं काम थांबवून ती आकडा बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, टाकायची. बफर भरला की सगळे आकडे कायमच्या मेमरीत. प्रदूषण मंडळाच्या सुनावणीला जाताना मी बजावलं, "काका, विचारतील तेवढंच बोला."

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "हा डबा एकही आकडा चुकवत नाही ना?"

"चुकवतो की," काका उत्साहाने म्हणाले. "मेमरीत लिहिताना मी इंटरप्ट बंद ठेवतो. तेवढ्या वेळात पाण्यात काय झालं, मला ठाऊक नाही."

सभागृह हसलं. साहेबांनी आमचा पुरावा बाजूला सारला. नवे आकडे आणा, मग बघू. मी खुर्चीखाली पेन शोधत बसलो. पेन खिशातच होतं.

बाहेर आल्यावर मी काकांवर ओरडलो. तेव्हा आमच्याबरोबर आलेली कोळीण म्हातारी म्हणाली, "वरडतंस कशाला रं? एवढ्या मानसांत एकच खरा बोलला, आन तो पन आमचाच निघाला!"

काका हसले नाहीत. "माझंच चुकलं," म्हणाले, "दोन बफर हवे होते. एक मेमरीत जाताना दुसरा भरत राहिला असता."

आता तसा डबा खाडीत आहे. म्हातारीची सून मात्र मासळी सोडून बोईसरला पॅकिंगच्या कामाला लागली. नव्या तक्रारीत काकांनी मला एक ओळ घालायला लावली: 'मध्येच वीज गेल्यास बफरमधले आकडे जातात.' टाइप करताना माझे कान तापले. खोडावीशी फार वाटली. खोडली नाही, तिच्याखाली पहिली सही म्हातारीची आहे.